गुपित सांगायचे कुणाला?

आमच्या वसतिगृहात एक पत्र्याची पेटी आहे. पूर्वी ती कुणाच्या तरी रुखवतातली असावी. झाकणावरचे कमळ अजून पुसटसे दिसते. तीत बावन्न-त्रेपन्न पुस्तके आहेत, आणि हेच आमचे ग्रंथालय. काही पुस्तकांना पुठ्ठे नाहीत, काहींची शेवटची पाने नाहीत. रहस्यकथेचे शेवटचे पान नसावे ह्यासारखी शिक्षा दुसरी नाही; पण आमच्या मुलांनी त्यावरही तोड काढली आहे. ज्याने ते पुस्तक पूर्ण असताना वाचले, तो शेवट तोंडी सांगतो, आणि प्रत्येक वेळी तो शेवट थोडा निराळा असतो.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात राहते. तुमच्याकडे आकाशकंदील लागतात त्या दिवसांत आमच्याकडे घरांना कुलपे लागतात. दसरा झाला की ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसे ऊसतोडीला निघतात. नवराबायकोची जोडी मिळून 'एक कोयता' होतो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी हे कोयते सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात जातात, ते पाडव्याच्या आगेमागे परत येतात. मुलांपैकी काही बरोबर जातात, काही म्हाताऱ्या आजीपाशी राहतात आणि काही हंगामी वसतिगृहात येतात. अशा एका वसतिगृहात मी मुलांना शिकवते. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. दोन-तीन कादंबऱ्या लिहून झाल्या आहेत, एवढाच साहित्याशी संबंध. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते विद्वानाचे समीक्षण समजू नये. पुस्तके वाटणाऱ्या बाईचे मनोगत समजावे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीतली एक मुलगी. तिचे नाव सांगत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील मुद्दामच बदलले आहेत. तिने पेटीतली 'फास्टर फेणे'ची तीन पुस्तके चार दिवसांत वाचून काढली. तिसरे परत देताना ती तिथेच घुटमळली आणि म्हणाली, "बाई, ह्या फास्टर फेणेच्या घरचं कुणी मरत कसं न्हाई?"

मी वहीत नोंद करीत होते. वर न बघताच म्हणाले, "अगं, ती गमतीची पुस्तकं असतात. गमतीच्या पुस्तकात कशाला कुणी मरेल?"

"बरं," ती म्हणाली आणि चौथे पुस्तक घेऊन गेली.

तिच्या प्रश्नाला मी तेव्हा जे उत्तर दिले ते किती उथळ होते, हे मला पुढे कळले. कसे कळले ते शेवटी सांगते. त्याआधी त्या प्रश्नाचे बोट धरून आपल्या कुमारवाङ्मयात एक फेरफटका मारावा असे वाटते. शाळेच्या वयातले मूल, त्याच्या मनातले दुःख, आणि त्याने शाळेत सगळ्यांपासून जपलेले गुपित ह्या तिन्ही गोष्टी एकत्र बांधणारी रहस्यकादंबरी आपल्याकडे आहे काय? इंग्रजीत अशा कादंबऱ्यांचे आज पेव फुटले आहे म्हणतात. त्यांतल्या किती टिकतील ते काळच ठरवील. आपल्यापाशी काय आहे, ते आधी पाहू.

रहस्यकथेचे वेड आपल्याला नाही असे कोण म्हणेल? बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड ह्यांनी दोन पिढ्यांची झोप उडवली. भूगोलाच्या पुस्तकात अर्नाळकर लपवून वाचणाऱ्या मुलांच्या हकिकती आपण आपल्या वडीलमंडळींच्या तोंडून ऐकल्या आहेत. शाळेतले ते एक गुपितच होते. परंतु गुपित पुस्तकाच्या बाहेर होते. आत जे होते ते मोठ्यांचे जग होते. शाळकरी मुलाला नायक करून, त्याच्या वयाला शोभेल असे साहस त्याच्या हाती देण्याचे काम भा. रा. भागवतांनी केले.

भागवतांचा जन्म १९१० चा, आणि २००१ साली ते गेले. एवढ्या दीर्घ आयुष्याचा फार मोठा भाग त्यांनी मुलांसाठी लिहिण्यात घालवला. ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स ह्यांना मराठी मुलांच्या अंगणात आणले ते त्यांनी. पुस्तकवेड्या बिपिन बुकलवारलाही त्यांनीच जन्म दिला. पण मुलांच्या मनात घर केले ते फुरसुंगीच्या बनेश फेणेने. काडीसारखा देह, पायांत वारा, आणि जिभेवर ते 'टॉक्क'! पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा हा पोरगा सायकलवर टांग टाकतो आणि आपल्याला धाप लागते. तो श्रीमंत नाही, बलदंड नाही, शाळेत पहिला येणाराही नाही. खेड्यातून शहरात आलेला साधा मुलगा आहे. आमच्या मुलांना तो आपला वाटतो तो ह्याच कारणाने. फुरसुंगी आणि आमचे डोंगराळ गाव ह्यांत अंतर खूप. पण गाव सोडून आल्यावर नव्या जागी छाती दडपते ती दोन्हीकडे सारखीच.

भागवतांचे मोठे ऋण हे की त्यांनी मुलांना भीतीच्या पुढे धावायला शिकवले. परंतु त्या मुलीचा प्रश्न आपल्याला थांबवतो. फेणे धावतो तो दुसऱ्याच्या संकटाकडे. चोर दुसऱ्याचा, ठेवा दुसऱ्याचा, हरवलेला माणूस दुसऱ्याचा. त्याच्या स्वतःच्या मनात, रात्री दिवा मालवल्यावर, काय असते? घर सोडून पुण्याला राहणाऱ्या त्या मुलाला घरची आठवण येऊन कधी रडू फुटत असेल की नाही? भागवत तिकडे फारसे वळत नाहीत. हा त्यांचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. ज्या गाडीला वेग हवा तिच्यात सामान कमीच घ्यावे लागते. पण ज्याच्या डोक्यावर आधीच सामान आहे, त्या मुलाने ह्या गाडीत बसायचे कसे? आमच्या मुलीचे विचारणे हेच होते.

दुःखाचे दुसरे टोक म्हणजे 'श्यामची आई'. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ते लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. ह्या पुस्तकाविषयी एवढे बोलले गेले आहे की नव्याने काही बोलणे धाडसाचे. तरी एक गोष्ट मला नेहमी वाटत आली आहे. श्यामची गोष्ट आपण तिच्यातल्या अश्रूंमुळे लक्षात ठेवतो, आणि तिची मांडणी विसरतो. श्याम ही गोष्ट सांगतो आहे. रोज रात्री, आश्रमातल्या मित्रांना, बेचाळीस रात्री. आई गेली आहे हे पहिल्या रात्रीपासून सर्वांना ठाऊक आहे. तिथे रहस्य असे काही नाही. तरी मुले रोज येऊन बसतात. कुणी हसते, कुणाचे डोळे भरतात, कुणी श्यामला एखादा प्रश्न विचारते. दुःख सांगायला माणसे आहेत आणि ऐकायला वेळ आहे. म्हणूनच ते पुस्तक इतके दुःखी असूनही मुलाला गुदमरवीत नाही.

तेव्हा आपल्या कुमारवाङ्मयाच्या एका हाताला ज्याच्या घरी कुणी मरत नाही असा फेणे आहे, आणि दुसऱ्या हाताला ज्याला काहीच लपवावे लागत नाही असा श्याम. मधली जागा मोकळी. आणि खरी मुले, निदान मी पाहते ती, ह्या मधल्या जागेतच राहतात.

ही जागा भरण्याचा एक प्रयत्न फेणेच्याच नावाने झाला, तो पुस्तकात नव्हे तर पडद्यावर. २०१७ साली आदित्य सरपोतदार ह्यांनी दिग्दर्शित केलेला 'फास्टर फेणे' हा चित्रपट आला. त्यातला फेणे (अमेय वाघ) शाळकरी राहिलेला नाही. तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्याला आलेला तरुण आहे. दिलीप प्रभावळकरांनी साक्षात भा. रा. भागवतांचीच भूमिका केली आहे, ही कल्पना मोठी गोड. परीक्षेच्या निमित्ताने ओळख झालेला एक मुलगा मरण पावतो. ती आत्महत्या म्हणून प्रकरण मिटू पाहते. फेणेला ते पटत नाही, आणि शोध घेता घेता परीक्षेतल्या मोठ्या काळ्या धंद्यापर्यंत तो जाऊन पोचतो.

हा विषय आमच्या भागातल्या माणसाला काळजात जाऊन लागतो. शेजारचे लातूर शिकवणीवर्गांचे गाव. आमच्याकडची किती तरी हुशार मुले दहावी झाली की तिकडे जातात. बापाने जमीन गहाण टाकलेली असते, आणि एका खोलीत चौघे चौघे राहून पोरे पुस्तकांशी झुंजत असतात. त्या वयातल्या एका मुलाचा मृत्यू कथेच्या मध्यभागी ठेवण्याचे धैर्य मराठी चित्रपटाने दाखवले, हे मी मनापासून वाखाणते. चित्रपट वेगवान आहे आणि त्यातला खलपुरुष गिरीश कुलकर्णींनी असा उभा केला आहे की अंगावर काटा यावा.

परंतु पाहून घरी आले तेव्हा मला एक रुखरुख लागली होती. मेलेला तो मुलगा कथेत फार लवकर 'धागा' होतो. त्याच्या मरणाने एक दार उघडते, त्यातून नायक धावत सुटतो, आणि मग आपण नायकाच्या मागे. गुन्हेगार हाती लागतो तेव्हा आपण टाळी वाजवतो, आणि त्या टाळीत त्या मुलाच्या घरातली शांतता बुडून जाते. रहस्यकथेचा हा जुनाच स्वभाव आहे. प्रेत हे तिच्या लेखी कोडे असते. कोडे सुटले की कथा संपते. दुःखाचे मात्र तसे नाही. कुणी केले हे कळल्यावर, न्याय झाल्यावर, सगळे आपापल्या घरी गेल्यावर दुःखाची खरी सुरुवात होते.

आता दुसऱ्या बाजूने येऊ. शाळेतले गुपित म्हणजे काय, हे मराठीत सर्वांत खरेपणाने कुणी सांगितले असेल तर ते मिलिंद बोकील ह्यांनी 'शाळा'मध्ये. ही कादंबरी २००४ सालची. काळ मात्र आणीबाणीचा, १९७५ च्या आसपासचा. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र सुऱ्या, चित्रे आणि फावड्या, त्यांची ती अर्धवट बांधलेल्या इमारतीतली बैठक, आणि शिरोडकर. शिरोडकर मुकुंदाला आवडते. झाले, एवढेच ते गुपित. पण ह्या एवढ्याशा गोष्टीने साडेतीनशे घरांच्या वाड्याला आग लागावी तसा तो मुलगा आतून पेटलेला असतो, आणि वर्गात मात्र बीजगणिताच्या वहीत मान घालून बसलेला असतो. बोकिलांनी ह्या कादंबरीत खून घातलेला नाही, चोर घातलेला नाही. तरीही आपण ती रहस्यकथेसारखी वाचतो. आज ती दिसेल का? तिने पाहिले का? कुणाला कळले तर? शाळकरी वयातले खरे रहस्य हेच असते, की आपल्या आत काय चालले आहे ते बाहेर कळेल की काय!

आणि बोकील आणखी एक पाऊल पुढे जातात. मुलांची गुपिते मोठ्यांच्या हाती लागतात तेव्हा काय होते, हेही ते दाखवतात. चौकशी होते, शिक्षा होते. कुणी विचारत नाही की, बाबा रे, तुला काय वाटले होते? बाहेर देशातही तेव्हा मोठी माणसे हलक्या आवाजात बोलत होती. मुकुंदाच्या नशिबाने त्याला एक नरूमामा आहे. मामाशी बोलता येते, थट्टा करता येते, मनातले अर्धेमुर्धे सांगताही येते. मला तर वाटते, 'शाळा' वाचून मन खिन्न होते तरी कडू होत नाही, ते ह्या मामामुळे. तरीही शेवटी मुकुंदाचे जे हरवते ते तो एकट्यानेच सोसतो. प्रेमाचा वियोग हे दुःखच. पण त्या वयात त्याला दुःखाचा मान कुणी देत नाही, आणि म्हणून तो रडूही शकत नाही.

ह्याच संदर्भात प्रकाश नारायण संतांच्या लंपनची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९९४ साली 'वनवास' आले. पुढे 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर'. बेळगावकडची ती कानडी वळणाची मराठी, आजी-आजोबांचे घर, सुमी, आणि उठताबसता 'मॅड' म्हणणारा हा मुलगा. तो आईवडिलांपासून दूर, आजोळी वाढतो आहे. वरवर पाहिले तर सगळे लाडाचे. पण हसता हसता एखाद्या ओळीशी आपण अडखळतो, कारण त्या मुलाने मधेच मान फिरवलेली असते. संतांचे वडील, ना. मा. संत, १९४६ साली गेले. तेव्हा हा मुलगा अवघा नऊ वर्षांचा होता. आई, म्हणजे इंदिरा संत. त्यांच्या कवितेत तो वियोग जन्मभर पुरला. मुलाने मात्र त्या वयाविषयी लिहायला हाती घेतले ते फार उशिरा, आणि लिहिले ते हसरे. त्या हसण्याखाली काय आहे ते ज्याचे त्याने ओळखावे. बालपणीचे दुःख शब्दांत यायला माणसाला किती वर्षे लागतात, ह्याचा ह्याहून बोलका दाखला मला ठाऊक नाही.

परंतु आमच्या आठवीतल्या मुलीने चाळीस वर्षे थांबायचे काय?

जगात ह्यावर कुणी काय उपाय शोधला, हे पाहताना मला दोन कृती आठवतात. पहिली मार्क ट्वेनची 'टॉम सॉयर', १८७६ सालची. टॉम आणि हक ही दोन पोरे मध्यरात्री स्मशानात जातात आणि एक खून पाहतात. बोलायचे नाही अशी रक्ताने सही करून शपथ घेतात. आळ येतो तो एका निरपराध दारुड्यावर. इथपर्यंत ही सरळ रहस्यकथा आहे. पण ट्वेनची थोरवी पुढे दिसते. टॉमला झोप लागत नाही. तो तुरुंगाच्या खिडकीपाशी जाऊन त्या दारुड्याला तंबाखू आणि काड्या नेऊन देतो. तो बिचारा आभार मानतो, आणि ते आभार टॉमला चाबकासारखे लागतात. शेवटी तो न्यायालयात उभा राहून खरे सांगतो. खुनी कोण हे वाचकाला पहिल्यापासून माहीत आहे. वाचक श्वास रोखून बसतो तो एवढ्यासाठीच, की हा पोरगा बोलेल का?

दुसरी कृती आपल्याच देशातली: सत्यजित राय ह्यांचा 'पथेर पांचाली', १९५५ चा. शेजारच्या मुलीची माळ चोरल्याचा आळ दुर्गावर येतो. ती नाकबूल करते, आईचा मार खाते. पुढे दुर्गा जाते. घर सोडून निघताना आवराआवर करताना फळीवरच्या करवंटीत धाकट्या अपूला ती माळ सापडते. म्हणजे तिने चोरली होती! रहस्य उलगडले. अपू काय करतो? तो धावत जातो आणि ती माळ तळ्यात फेकून देतो. वरचे शेवाळ क्षणभर दुभंगते आणि पुन्हा मिटते. बहिणीचे गुपित भाऊ आपल्याजवळ ठेवतो. रहस्यकथेचा नियम असा, की सत्य सापडले की ते चारचौघांत मांडायचे. अपूने तो नियम मोडला, आणि त्याला चुकला असे म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

टॉम बोलतो तेही बरोबर, अपू गप्प राहतो तेही बरोबर. ह्यावरून मला एक गोष्ट कळली असे वाटते. मुलाच्या दुःखाभोवती जी रहस्यकथा लिहायची, तिचा प्रश्न 'कुणी केले?' हा असून चालत नाही. 'सांगायचे कुणाला?' हा तिचा प्रश्न. न सांगितल्याने कुणाचा जीव धोक्यात येत असेल तर सांगायलाच हवे. पण ते ज्याला सांगायचे तो माणूस आधी सापडायला हवा. अशा कादंबरीतला शोध असतो तो चोराचा नव्हे, ऐकणाऱ्याचा. श्यामला असे ऐकणारे मिळाले होते, मुकुंदाला निम्मा मिळाला होता, फेणेला त्याची गरज कधी पडली नाही, आणि लंपनला तो मिळाला तो वाचकात.

हे मला आधी कळते तर माझी स्वतःची एक कादंबरी मी निराळी लिहिली असती. तिच्यात एक शाळा आहे, एक मुका झालेला मुलगा आहे, आणि एक चाणाक्ष शिक्षिका आहे. ती वह्या तपासते, पुरावे गोळा करते, आणि शेवटच्या प्रकरणात भर वर्गात मुलाचे गुपित उलगडते. सगळा वर्ग रडतो, मुलगा तिच्या कुशीत शिरतो. लिहिताना मीही रडले होते. आज ते प्रकरण वाचवत नाही, कारण त्यानंतर मी खरोखरच तसे वागून पाहिले.

आता ती राहिलेली हकिकत.

वसतिगृहात दरवर्षी मुलांकडून एक फॉर्म भरून घेतात. त्या मुलीच्या फॉर्मवर भावंडांच्या रकान्यात 'दोन' लिहिले होते. आदल्या वर्षीचा फॉर्म माझ्यापाशी होता; त्यावर तिच्याच अक्षरात 'तीन' होते. मला वाटले, पोरीने घाईत चूक केली. भर वर्गात मी तिला उभे केले आणि म्हणाले, "काय गं, गेल्या वर्षी तीन आणि यंदा दोन? एक कुठं हरवलं?" मुले हसली. तिने फॉर्म हातात घेतला, दोन खोडले, तीन लिहिले आणि खाली बसली.

हे झाले ते तिने फास्टर फेणेविषयी विचारले त्याच आठवड्यात. दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि मी त्या जोडल्या नाहीत. पुरावा गोळा करणे निराळे आणि माणूस ओळखणे निराळे.

माघ महिन्यात एका रविवारी मी पेटीतली पुस्तके उन्हात घालत होते. ती मदतीला आली. पुस्तकांची पाने उलटता उलटता, माझ्याकडे न बघता, तिने सांगायला सुरुवात केली. थोरल्या बहिणीचे लग्न सोळाव्या वर्षी झाले होते. जोडी झाल्याशिवाय कोयता होत नाही, आणि कोयत्याशिवाय उचल मिळत नाही. मागल्या हंगामात उसाच्या फडावरच ती बाळंत व्हायची वेळ आली, आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळे संपले. घरी बजावले होते, शाळेत बोलायचे नाही. बाई वय विचारतील. वर्षभर ती बोलली नव्हती. ज्यांच्यापासून लपवायचे त्या बाई म्हणजे मी!

मी वय विचारले नाही. काहीच विचारले नाही. एक पुस्तक हातात होते ते पुसत राहिले. बऱ्याच वेळाने तिने दुसरीही गोष्ट सांगितली: आता तिच्या स्वतःच्या लग्नाची बोलणी निघाली होती. तेव्हा मात्र मी टॉम सॉयर व्हायचे ठरवले, आणि तसे तिला तिथेच सांगितले. तिच्या पाठीमागे काही केले नाही. पुढे कुणाकुणाला भेटले, काय बोलावे लागले, तिच्या आईने मला काय म्हटले, हा ह्या लेखाचा विषय नाही. मुलगी यंदा अकरावीला आहे, एवढे सांगते. बहिणीच्या मरणाविषयी मी कुठे अवाक्षर काढले नाही. ते तिचे आहे, आणि तिने ते तळ्यात टाकले तरी शेवाळ बाजूला सारायचा मला अधिकार नाही.

पुस्तकामुळे ती बोलली असे मी म्हणणार नाही. पुस्तकांच्या अंगी एवढे सामर्थ्य आहे असे दिवाळी अंकात म्हणणे सोपे असते. पण 'ह्याच्या घरचं कुणी मरत कसं न्हाई' हा प्रश्न म्हणजे तिच्या सांगण्याची सुरुवात होती. मूल स्वतःविषयी सरळ बोलत नाही. ते पुस्तकातल्या माणसाविषयी विचारते. फेणेच्या घरात मरण असते तर तिला निदान त्याच्याविषयी तरी बोलता आले असते. भागवतांनी ते ठेवले नाही. पण त्यांनी तिला एवढे आपलेसे केले की ती ही तक्रार घेऊन आली, हेही काही थोडे नाही.

तेव्हा मराठीत ही कादंबरी कुणी तरी लिहावी. तिला भागवतांचा वेग असावा, कारण मुले कंटाळली की पुस्तक बंद करतात आणि त्यांचे बरोबरच असते. तिच्यात बोकिलांसारखी गप्प बसणारी मुले असावीत. श्यामभोवती बसले होते तसे ऐकणारे कुणी तरी शेवटच्या पानापर्यंत सापडावे. ते शिक्षकच असले पाहिजेत असे नाही. बहुधा नसावेतच. एखादी मैत्रीण असेल, स्वयंपाकीण मावशी असेल, वसतिगृहाचा रखवालदार असेल. लेखकाने मुलाचे गुपित टाळ्यांसाठी उघडू नये, एवढे पथ्य मात्र पाळावे. माझ्यासारख्यांनी ते मोडून पाहिले आहे.

आणि ती लिहिली जाईपर्यंत, वाचकहो, एक विनंती. ह्या दिवाळीत घरातल्या मुलांना पुस्तके घेऊन द्याल. ती वाचून एखादे मूल तुमच्यापाशी येईल आणि पुस्तकातल्या कुणाविषयी काही तरी वेडगळ विचारील. तेव्हा हातातली करंजी खाली ठेवा, वर बघा, आणि लगेच उत्तर देऊ नका.

आमच्या पेटीत त्या मुलीने जाताना एक वही ठेवली आहे. ज्या पुस्तकांची शेवटची पाने फाटली आहेत, त्यांचे शेवट तिने आपल्या अक्षरात लिहून काढले आहेत. एका फास्टर फेणेच्या शेवटी फेणे चोराला पकडून देतो, बक्षीस घेतो आणि फुरसुंगीला घरी जातो. तिथे आई त्याला विचारते, "दमलास का रे?" आणि तो म्हणतो, "हो." भागवतांच्या पुस्तकात असे काही नाही, हे मला ठाऊक आहे. पण ते पान मी काढलेले नाही. नवी मुले ते त्याच पुस्तकाचे पान समजून वाचतात.